आमचे कान आणि राजाचं नाणं

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वंशपरंपरेने चालत आल्या आहेत : कान आणि सोन्याचं नाणं. पैकी कान सगळ्यांना सारखे वाटून मिळाले. ते मोठे आहेत, डोक्यापासून काटकोनात उभे आहेत आणि खोटं बोललं की लाल होतात. या शेवटच्या गुणामुळे आमच्याकडे कुणी वकील झाला नाही, दुकानदार झाला नाही, पुढारी तर नाहीच नाही. सगळे कारकून झाले. मीही एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात कारकून आहे. रजेच्या अर्जात 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहितो खरा, पण तो अर्ज साहेबांच्या हातात कधी देत नाही. ते चहाला गेले की टेबलावर ठेवून निघून येतो.

नाणं मात्र एकच होतं आणि ते आत्याकडे होतं. आजोबांनी ते माझ्या वडिलांना न देता तिला दिलं, कारण नाण्याची गोष्ट शेवटपर्यंत जागी राहून ऐकणारी ती एकटीच. नाण्याच्या एका बाजूला राजेसाहेबांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला आमच्या गावातला घड्याळाचा मनोरा, खाली राजेसाहेबांच्या भेटीची तारीख. गोष्ट अशी, की राजेसाहेब गावाला भेट द्यायला आले, चार घोड्यांची गाडी मनोऱ्यापाशी थांबली, स्वागताला उभ्या असलेल्या माणसांत पाणीखात्यातले कारकून म्हणून आजोबा होते, आणि राजेसाहेबांनी खाली उतरून हे नाणं स्वतःच्या हाताने त्यांच्या तळहातावर ठेवलं. "ते सांगताना बाबांचे कान अगदी लालबुंद व्हायचे रे, अभिमानानं," असं आत्या दर वेळी म्हणायची.

या गोष्टीला एकच शत्रू होता : आत्याचे यजमान. ते स्वभावाने गरीब, पण या एका बाबतीत त्यांनी पन्नास वर्षं आत्याची पाठ सोडली नाही. "एवढ्या गर्दीत राजाला पाणीखातंच बरं दिसलं! नळ गळत होता का त्याचा?" असं विचारायचे. आत्या भाजी घेऊन घरी आली की "आलात का दरबारातून?" म्हणायचे. चार वर्षांपूर्वी ते गेले. आत्या खूप रडली, आणि तेराव्या मिनिटाला डोळे पुसून मला म्हणाली, "वाद अर्धाच राहिला बघ."

तो वाद पुरा करायची संधी एका सकाळी वर्तमानपत्रातून आली. नगरसंग्रहालयात गावाच्या जुन्या आठवणींचं प्रदर्शन भरणार होतं आणि नागरिकांनी आपापल्याकडच्या वस्तू आणाव्यात असं आवाहन होतं. सात वाजून पाच मिनिटांनी आत्याचा फोन.

"वाचलंस?"

"अगं, अजून चहा नाही झाला माझा."

"चहा इथं घे. नाणं काचेच्या पेटीत ठेवायचं. खाली पाटीवर बाबांचं पूर्ण नाव. आणि दिवा वरून हवा, बाजूनं नको, बाजूनं लावला की सावली पडते. मी शहाऐंशीची झाले, आता आणखी किती थांबू? एकदा त्या काचेपुढं उभी राहते, ह्यांचा फोटो पर्समधून काढते आणि म्हणते, बघा!"

यात अवघड काही दिसेना. नाणं काढायचं, नेऊन द्यायचं, पावती घ्यायची. एका शनिवारचं काम, असं मी बायकोला म्हणालो. बायकोने फक्त कॅलेंडरकडे पाहून घेतलं.

नाणं बँकेच्या लॉकरमध्ये होतं. तिथल्या अधिकाऱ्याने आत्याची सही घेतली, चाळीस वर्षांपूर्वीच्या सहीशेजारी धरली आणि मान हलवली. जुनी सही ठसठशीत, शेवटी जोरकस फराटा. नवी सही थरथरत ओळीखाली उतरलेली. "पुन्हा करा, आजी. शांतपणे करा," तो म्हणाला. आत्याने शांतपणे अकरा सह्या केल्या. बाराव्या कागदाच्या वेळी तो म्हणाला, "आजी, तुम्ही नक्की त्याच का?" यावर आत्याचा असा पारा चढला, की तिने पेन हिसकावून घेतलं आणि कागद फाटेल अशी सही ओढली. ती तंतोतंत जुळली. नंतर तिने सांगितलं, की चाळीस वर्षांपूर्वी लॉकर उघडला त्या दिवशीही ह्यांच्याशी नाण्यावरूनच भांडण झालं होतं.

नाणं घरी आलं आणि आमची निराशा झाली. इतकी वर्षं अंधारात राहून त्याच्यावर पिवळट तपकिरी कळा आली होती. राजेसाहेब आजारी दिसत होते. आम्ही ते जेवणाच्या टेबलावर ठेवून बघत बसलो असताना वरच्या मजल्यावरचे टायपिस्ट आले. हे गृहस्थ पस्तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर टाइप करत होते; निवृत्त झाल्यापासून साठलेला स्वतःचा मजकूर ते आमच्या घरी येऊन रिकामा करतात.

"हे असं नेणार?" ते म्हणाले. "लोक हसतील. सोनं कसं चमकलं पाहिजे! दंतमंजन घ्या, लिंबू पिळा आणि जुन्या ब्रशानं गोल गोल घासा. उभं घासायचं नाही."

मी गोल गोल घासलं. बायकोनं मऊ फडक्यानं पुसलं. अर्ध्या तासात नाणं असं झळकायला लागलं, की राजेसाहेबांची मिशी मोजून घ्यावी. आम्हा तिघांनाही फार बरं वाटलं आणि टायपिस्टांनी या आनंदात दुसरा चहा घेतला.

संग्रहालयाच्या अधिकारी बाई उंच, चष्मेवाल्या आणि कमालीच्या सभ्य होत्या. त्यांनी आधी मला एक अर्ज दिला. त्यात 'वस्तू कोणाकडून मिळाली' यापुढे मी 'राजेसाहेब' असं लिहिलं. 'पावती जोडली आहे काय' यापुढे 'नाही' असं लिहिलं. 'नसल्यास कारण' यापुढे बराच वेळ विचार करून 'मागणे बरे दिसले नसावे' असं लिहिलं. बाईंनी अर्ज वाचला, मग भिंग डोळ्याला लावून नाणं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला जसा दाराच्या फटीत बोट सापडल्यावर निघतो.

"हे कुणी घासलं?"

"आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्यामुळे माझा फक्त डावा कान तापला.

"शंभर वर्षांची कळा ही! ती जपायची असते, घासायची नसते. तुम्ही इतिहास धुऊन टाकलात." मग पुन्हा भिंग लावून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण हे नाणं आमच्या यादीत कसं नाही? मी जुनी फाइल शोधते. पुढच्या गुरुवारी आणा. आणि तोवर कृपा करून याला काहीही करू नका."

आता 'काहीही करू नका' एवढं साधं काम तरी मी नीट करायला हवं होतं. पण इतिहास धुऊन टाकल्याचा आरोप डोक्यावर घेऊन माणूस स्वस्थ कसा बसणार? टायपिस्टांना मी जिन्यातच गाठलं. ते जराही डगमगले नाहीत. "सोपं आहे. जमिनीतून निघालेली नाणी कशी जुनी दिसतात? मातीनं! आठवडाभर कुंडीत पुरून ठेवा. रोज थोडं पाणी घाला." मी बायकोच्या चौदा कुंड्यांपैकी एकीत नाणं पुरलं. तिला सांगितलं नाही, कारण ती ओरडली असती. कोणत्या कुंडीत पुरलं ते मात्र मी नीट लक्षात ठेवलं : डावीकडून पाचवी.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो तर गॅलरी मोकळी.

"अगं, कुंड्या कुठायत?"

"खाली सभागृहात. सोसायटीची वार्षिक सभा आहे ना, चेअरमन म्हणाले व्यासपीठ फार भकास दिसतं. चारजण येऊन घेऊन गेले. का हो? कान का तसे झालेत?"

मी खाली पोचलो तेव्हा सभा सुरू होऊन चेअरमन अहवाल वाचत होते. कुंड्या व्यासपीठाच्या कडेने ओळीत मांडल्या होत्या आणि डावीकडून पाचवी आता कोणती, हे फक्त त्या चारजणांना ठाऊक. मी वाकून, जमेल तितक्या प्रतिष्ठेने, पहिल्या कुंडीत हात घातला. कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या कुंडीपर्यंत पहिल्या रांगेने वर्तमानपत्रं खाली केली होती. सहाव्या कुंडीपाशी चेअरमन 'पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबाबत समितीने कसोशीने प्रयत्न केले' या वाक्यावर होते, आणि मी नेमकं तेव्हाच ओंजळभर माती त्यांच्या बुटांवर टाकली. मागून टाळ्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "बरोबर आहे! यांना असंच पाहिजे!" पाण्यामुळे त्रासलेल्या तिसऱ्या मजल्याने मला आपला नेता मानलं आणि ते सगळे उठून उभे राहिले. अकराव्या कुंडीत, गुलाबाच्या मुळाशी, बोटांना गार, गोल काहीतरी लागलं. मी ते मुठीत धरून "मिळालं!" असं ओरडलो. काय मिळालं हे सभेला कळलं नाही, पण त्या गोंधळात टाकीची दुरुस्ती एकमताने मंजूर झाली आणि माझी बाग समितीचा प्रमुख म्हणून निवड झाली. ते पद मी अजून भूषवतो आहे. टायपिस्टांनी अनुमोदन दिलं होतं.

नाणं जुनं दिसायला लागलं नव्हतंच. फक्त चिखलाचं झालं होतं. ते मी साध्या पाण्याने धुतलं आणि गुरुवारी गेलो. बाईंच्या टेबलावर एक जाड, पिवळी फाइल उघडी होती आणि त्या माझ्याकडे अशा नजरेने बघत होत्या, जशा नजरेने डॉक्टर मंडळी 'बरोबर कुणी आलंय का?' असं विचारण्याआधी बघतात.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमचं नाणं खरं आहे. फार दुर्मीळ आहे. भेटीच्या निमित्तानं अशी बाराच सोन्याची नाणी पाडली होती. अकरा परत घेऊन वितळवली. बारावं कुठं गेलं, हे फाइलच्या या भागात नाही."

"वितळवली? का?"

"कारण राजेसाहेब आलेच नाहीत."

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही, आणि आमच्या घराण्यात तो दोष कुणात नाही. बाईंनी कागद पुढे केला. 'राजेसाहेबांस गालगुंड झाल्याने दौरा रद्द.' तारीख भेटीच्या दोन दिवस आधीची. राजेसाहेब पुढेही कधी आले नाहीत. चार घोडे नाहीत, खाली उतरणं नाही, तळहात नाही. आणि बारावं नाणं आमच्या घरात होतं, म्हणजे माझे आजोबा एक तर थापाडे होते किंवा त्याहून वाईट काहीतरी.

घरी जाताना मी तीन स्टॉप आधी उतरून चालत गेलो. मला आजोबांचं फारसं वाईट वाटत नव्हतं, ते गेले त्याला काळ लोटला. आत्याचं वाटत होतं. पन्नास वर्षं नवऱ्याच्या चेष्टेपुढे एकटी उभी राहिलेली बाई. आणि शेवटी तो मनुष्यच बरोबर निघाला. टायपिस्टांचा सल्ला होता, की नाणं हरवलं म्हणून सांगा. बायको म्हणाली, "तुम्ही जे सांगाल ते कानांवर टोपी घालून सांगा."

आत्याकडे गेलो तेव्हा तिने इस्त्रीची साडी खुर्चीवर पसरून ठेवली होती आणि उद्घाटनाला बोलवायच्या चाळीस माणसांची यादी केली होती. पर्समध्ये यजमानांचा फोटो आधीच घातलेला. मी टोपी घालून होतो.

"घरात टोपी कसली? काढ. काय म्हणाल्या बाई?"

"प्रदर्शन जरा पुढं गेलंय, आत्या. जागेची अडचण आहे."

तिने उठून माझी टोपी काढली. दोन्ही कानांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खाली बसली. "बोल आता खरं."

मी सांगितलं. गालगुंडापर्यंत सगळं. तिने साडीची घडी नीट होती तरी पुन्हा नीट केली.

"बाबांचे कान लाल व्हायचे," शेवटी म्हणाली. "आणि मला वाटायचं, अभिमानानं. एवढी मोठी झाले, पण हे कसं लक्षात नाही आलं माझ्या?"

मी तिचा हात धरला, एवढंच. तिनं तो सोडवून घेतला, डोळे पुसले आणि उभी राहिली.

"चल. मला ती फाइल बघायचीय. बाबा थापा मारतील एकवेळ, चोरी करणार नाहीत. ते ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणत नसत."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिला संग्रहालयात नेलं. आत्याने बाईंना सांगितलं, "तुम्ही 'फाइलच्या या भागात' म्हणालात ना? मग दुसरा भाग काढा." बाईंनाही ते पटलं. त्यांनी माळ्यावरून खोकी उतरवायला लावली आणि दोन तास आम्ही तिघं गटारांचे नकाशे, दिव्यांची बिलं असं काय काय उपसत बसलो. अखेर एका खोक्याच्या तळाशी दोऱ्याने बांधलेलं पाकीट मिळालं. वर लिहिलं होतं, 'स्वागत समारंभ : रंगीत तालीम.'

आत एक फोटो होता. घड्याळाच्या मनोऱ्यासमोर चार घोड्यांची गाडी, दोन्ही बाजूंना बँड, टोप्या काढून उभे असलेले अधिकारी, हातात तबक घेतलेले नगराध्यक्ष. आणि गाडीत, छातीवर पट्टा, खांद्यावर शेला, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घातलेले राजेसाहेब. मुकुट चांगला चार बोटं मोठा होता. तो गळ्यात उतरला नव्हता याचं एकच कारण म्हणजे तो दोन्ही बाजूंनी कानांवर टेकला होता.

बाईंनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग अत्यंत सभ्यपणे पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"बाबा!" आत्या म्हणाली.

सोबतचा अहवाल बाईंनी मोठ्याने वाचला. 'तालमीसाठी राजेसाहेबांच्या जागी पाणीखात्यातील कारकुनास बसविण्यात आले, कारण त्यांचा घेर राजेसाहेबांइतकाच असल्याचे शिंप्याने कळविले. मिरवणूक समाधानकारक. लोकांस हात हलविणे अतिशय समाधानकारक. नगराध्यक्षांच्या हस्ते सुवर्णनाणे अर्पण केले. मुकुट पडला नाही.' त्याखाली खजिनदाराचं टिपण होतं : 'अकरा नाणी परत आली. बारावे सदर कारकुनाकडे आहे. ते आणून देण्यास तयार आहेत. परत घ्यावे काय?' आणि त्याखाली, लाल शाईत, नगराध्यक्षांचं मोठं, वळणदार अक्षर :

'राजास अर्पण केलेली वस्तू परत मागणे या गावास शोभणार नाही. प्रकरण बंद.'

बाईंनी चष्मा काढून पुसला. मी खिडकीबाहेर पाहिलं, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. आणि मग आत्या हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, 'राजानं नाणं दिलं' म्हटलं तर ह्यांनी पन्नास वर्षं चेष्टा केली! 'बाबाच राजा होते' म्हटलं असतं तर मला माहेरीच पाठवलं असतं! बाबांना ठाऊक होतं, खरं सांगितलं तर कुणी ऐकून घेणार नाही. म्हणून बिचाऱ्यांनी पटेल असं खोटं सांगितलं." मग तिने पर्स उघडली, यजमानांचा फोटो काढला आणि त्या फोटोला हा फोटो दाखवला. "बघा. नीट बघा. दरबारातूनच आलेय मी." मग ती हळूच म्हणाली, "हे आज असायला हवे होते. काय हसले असते!"

प्रदर्शनाचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. नाणं काचेच्या पेटीत, दिवा वरून, पाटीवर आजोबांचं पूर्ण नाव. पाटीच्या शेवटी बारीक अक्षरात 'नाणे अलीकडे घासलेले आहे' असंही लिहिलं आहे. तेवढा इतिहासात माझाही वाटा. माळ्यावर तो पुठ्ठ्याचा मुकुटही सापडला, पण तो ठेवायचा कसा हा प्रश्न होता. संग्रहालयातल्या प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावरून तो थेट गळ्यात उतरायचा. बाईंनी खूप आढेवेढे घेत मला विचारलं, आणि मी खूप आढेवेढे घेत हो म्हणालो. तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी दोन तास, सोसायटीची सगळी मंडळी आणि माझे साहेब यांच्यादेखत, मी डोक्यावर मुकुट घेऊन पेटीशेजारी खुर्चीवर बसून होतो. टायपिस्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की यामागे सगळं मार्गदर्शन त्यांचं आहे. साहेब बराच वेळ माझ्या कानांकडे बघत होते. त्यांना माझे रजेचे अर्ज आठवत असावेत.

आत्या इस्त्रीची साडी नेसून पेटीपुढे उभी होती आणि जो येईल त्याला गोष्ट सांगत होती. पहिल्या तासात गाडीला चार घोडे होते. दुसऱ्या तासात सहा झाले. निघायच्या वेळी एका गृहस्थांना ती म्हणाली, "आठ पांढरेशुभ्र घोडे, आणि बाबांनी सबंध गावाला हात केला. गाव काय आनंदलं होतं म्हणून सांगू!"

मी मुकुट सावरत मुद्दाम तिच्या कानांकडे पाहिलं. किंचितही लाल नव्हते.